शेजारचा एल्डर

अमेरिकेतल्या युटामध्ये राहायला आल्यावर एक गोष्ट हळूहळू कळत जाते, इथे हायस्कूल संपवलेल्या मुलाला "मग आता पुढे काय?" असं विचारलं की बरेचदा तो कॉलेजचं नाव सांगतच नाही, "पेपर्स टाकलेत" म्हणतो. पेपर्स म्हणजे मिशनचे, मॉर्मन चर्चच्या धर्मप्रसाराला जाण्यासाठीचा अर्ज. बिशपची म्हणजे गल्लीतल्या चर्चच्या प्रमुखाची मुलाखत, त्याच्या वरच्या स्टेक प्रेसिडेंटची मुलाखत, डॉक्टरचा रिपोर्ट, दातांचा रिपोर्ट (अक्कलदाढा आत्ताच बघून घ्या, तिकडे दुखायला लागल्या तर पंचाईत), सगळं ऑनलाइन भरायचं आणि मग वाट बघत बसायची. कुठल्या देशात जायचं, कुठली भाषा शिकायची, कोणाबरोबर राहायचं, यातलं काहीही आपण ठरवायचं नाही. आपल्या हातात फक्त हो किंवा नाही.

मी स्वतः मॉर्मन नाही, होण्याची शक्यताही नाही, देवाच्या बाबतीत माझं एकूणच अर्धवट आहे. पण आमची गल्ली जवळजवळ सगळी त्यांची आहे आणि शेजारच्या घरातला मोठा मुलगा दोन वर्षं जपानला मिशनवर जाऊन आला, त्या सगळ्या काळात त्याची दर आठवड्याची मेल माझ्याकडे येत होती कारण त्याच्या आईने मला न विचारता लिस्टमध्ये टाकलं होतं. पहिल्या एक-दोन मेल मी वरवर वाचल्या आणि नंतर चक्क वाट बघायला लागले. त्याचं नाव इथे देत नाही, मिशनवर तसंही पहिलं नाव कोणी वापरत नाही, मुलगे एल्डर आणि मुली सिस्टर आणि पुढे आडनाव, त्यामुळे आपणही एल्डरच म्हणू.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी चटकन. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या चोवीस वर्षांच्या माणसाने हे चर्च सुरू केलं, त्याच वर्षी बुक ऑफ मॉर्मन हा त्यांचा धर्मग्रंथ छापला, १८४४ मध्ये जमावाने त्याला तुरुंगात गोळ्या घातल्या, आणि १८४७ मध्ये ब्रिगम यंग उरलेल्यांना घेऊन इथे सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आला. चर्चचं खरं नाव लांबलचक आहे, द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, आणि २०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं की मॉर्मन म्हणणं थांबवा, पूर्ण नाव वापरा. मी इथे मॉर्मनच लिहिणार आहे, शेजारीण वाचणार नाही म्हणून. अजून एक, यांच्यात पगारी पुजारी नसतो. आमच्या गल्लीचा बिशप दिवसा अकाउंटंट आहे आणि काही वर्षांनी दुसरा कोणीतरी होईल. म्हणजे धर्म चालवणं ही सगळ्यांवर आळीपाळीने येणारी जबाबदारी आणि मिशन हा त्यातलाच एक मोठा हप्ता.

तर कॉल, म्हणजे कुठे जायचं ते सांगणारं चर्चचं पत्र. आधी मोठं पांढरं पाकीट पोस्टाने यायचं, २०१८ पासून ते ऑनलाइन येतं, ईमेल आली की लॉगिन करून वाचायचं. पण कोणीही ते एकट्याने वाचत नाही. सगळं खानदान जमतं, लांबचे लोक व्हिडिओवर, भिंतीवर जगाचा नकाशा, त्यावर प्रत्येकाने आपला अंदाज म्हणून स्टिकर लावायचं. मी पेरूवर लावलं होतं कारण पोरगा शाळेत स्पॅनिश शिकला होता आणि मला वाटलं काहीतरी लॉजिक असेल. लॉजिक नव्हतं. जपान सपोरो मिशन, जपानी भाषा. घरात एकच आरडाओरडा. यांची श्रद्धा अशी की चर्चच्या बारा प्रेषितांपैकी एकजण प्रत्येक उमेदवाराचा फोटो आणि माहिती समोर घेऊन बसतो आणि देवाच्या प्रेरणेने जागा ठरवतो. मी सॉफ्टवेअरमधली बाई, माझ्या डोक्यात आलं की व्हिसा आणि रिकाम्या जागांचं गणित असणारच ना मागे. असेलही. पण त्या खोलीत त्याचा चेहरा बघितला तेव्हा हे बोलायची माझी छाती झाली नाही.

जाण्याआधी एकदा तो आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होता तेव्हा मी सरळ विचारलं, तुझा खरंच विश्वास आहे का रे या सगळ्यावर. तो थांबला आणि म्हणाला, "बऱ्यापैकी." मग जरा वेळाने, "बाबांचा आहे, आजोबांचा होता, मला वाटतं तिकडे गेल्यावर कळेल." मला ते उत्तर फार आवडलं. बास्केटबॉल खेळणारा, चर्चमध्ये मागच्या बाकावर डुलक्या काढणारा मुलगा, खोटं बोलला नाही. पण मनात हेही आलं की अरे, ज्याला स्वतःलाच अजून कळायचंय तो दुसऱ्याच्या दारात जाऊन काय सांगणार? त्या दोन वर्षांच्या मेल मी वाचल्या त्या खरं तर याच प्रश्नासाठी.

पैशांचं आधी सांगते कारण सगळे तेच विचारतात. पगार नाही, उलट आपणच भरायचे. अमेरिकेतून जाणाऱ्यांना महिन्याला ५०० डॉलर, जुलै २०२० पर्यंत ४०० होते. टोकियोला जा नाहीतर स्वस्तातल्या एखाद्या देशात जा, रक्कम तीच, सगळ्यांचे पैसे एकत्र जमा होतात आणि तिथून खर्च होतो. म्हणजे दोन वर्षांचे १२,००० डॉलर, शिवाय सुट, कोट, बूट वेगळे. एल्डरने लॉन कापून आणि पिझ्झा पोचवून यातले बरेच साठवले होते, बाकी आईवडिलांनी. मुलांचं मिशन चोवीस महिने, मुलींचं अठरा. आधी मुलगे १९ आणि मुली २१ व्या वर्षी जायच्या, ऑक्टोबर २०१२ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी ते १८ आणि १९ वर आणलं आणि त्यानंतर मुलींची लाटच आली. २०२५ मध्ये मुलींचंही १८ झालं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी स्टेक प्रेसिडेंटने डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि त्या क्षणापासून तो मिशनरी, म्हणजे त्या क्षणापासून नियम लागू. नियम वाचून माझ्या मुलीने "हे लीगल आहे?" असं विचारलं होतं. कायम कम्पॅनियनबरोबर, म्हणजे जोडीला दिलेल्या मिशनरीबरोबर राहायचं, दिसेल आणि ऐकू येईल इतक्या अंतरात, अपवाद बाथरूमचा. डेटिंग नाही, सिनेमे नाहीत, गाणी ठरावीक, फोन आहे पण त्यावर सगळं लॉक. सकाळी साडेसहाला उठणं, व्यायाम, मग अभ्यास, मग बाहेर, रात्री नऊ-साडेनऊला घरी, साडेदहाला दिवे बंद. आठवड्यातून एक दिवस पी-डे, म्हणजे प्रेपरेशन डे, बहुतेक ठिकाणी सोमवार, त्यात कपडे धुवा, केस कापा, सामान आणा, घरी मेल लिहा. घरी फोन पूर्वी वर्षातून दोनदाच असायचा, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला परवानगी मिळाली. शेजारणीच्या सासूबाईंना हे अजिबात पटलेलं नाही, त्यांचं म्हणणं आमच्या वेळची मुलं याने घट्ट झाली. त्यांच्या वेळच्या आया किती रडल्या हे मात्र त्यांना आठवत नाही.

प्रोव्होला यांचं ट्रेनिंग सेंटर आहे, एमटीसी. स्पॅनिशवाल्यांना सहा आठवडे, जपानीवाल्यांना नऊ, त्यातला सुरुवातीचा भाग हल्ली घरूनच ऑनलाइन. शिकवणारे बहुतेक स्वतः मिशन करून आलेले कॉलेजचे विद्यार्थी. पद्धत एकदम धाडसी, पहिल्याच आठवड्यात त्या भाषेत प्रार्थना करायला लावतात आणि समोर एक खोटाखोटा जिज्ञासू बसवून त्याला धडा द्यायला लावतात. एल्डरने मेलमध्ये लिहिलं होतं की त्याने समोरच्याला पूर्ण आत्मविश्वासाने काहीतरी सांगितलं, समोरच्याने मान डोलवली, आणि नंतर कळलं की देव तुमच्यावर प्रेम करतो असं म्हणायच्या ऐवजी तुम्ही देवावर प्रेम करता असं सांगून आलाय. तिथल्या शिक्षकाने म्हणे त्यावर एवढंच म्हटलं, तेही खोटं नाही.

मग सपोरो. होक्काइडो, जपानचं उत्तर टोक, दर हिवाळ्यात पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. उन्हाळ्यात सायकल, हिवाळ्यात पायी. काही महिने तो आसाहिकावाला होता, जपानमधलं नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान तिथलंच, १९०२ सालचं उणे ४१. युटाच्या पोराला थंडीचं कौतुक नसतं पण त्याने लिहिलं होतं की इथे नाकातले केससुद्धा गोठतात आणि दारोदार फिरताना तेवढंच गोठतं असंही म्हणता येत नाही.

कम्पॅनियनबद्दल मात्र मला वाचायला सगळ्यात मजा आली. मिशन प्रेसिडेंट, म्हणजे तिथल्या मिशनचा प्रमुख, जोड्या लावतो आणि साधारण दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर होऊ शकते, कोण कुठे जाणार, कोण कोणाबरोबर, त्या दिवशी नुसती धाकधूक. पहिला कम्पॅनियन म्हणजे ट्रेनर, बारा आठवडे तो तुम्हाला तयार करतो. एल्डरचा ट्रेनर जपानीच होता, अतिशय शिस्तीचा, भांडी घासल्यावर सिंक कोरडं पुसणारा. आणि हा आमचा, मोजे कुठेही टाकणारा. चोवीस तास एकत्र, उठून दुसऱ्या खोलीत जायची सोय नाही, मित्राला फोन करून चुगली करायची सोय नाही, भांडण झालं तरी दहा वाजता एकत्र बाहेर पडायचं आणि लोकांना प्रेम शिकवायचं! एका मेलमध्ये होतं की ते दोघं सकाळभर एकमेकांशी बोलले नाहीत आणि दुपारी एका आजींसमोर क्षमा या विषयावर धडा द्यायचा होता. धडा अर्ध्यात थांबला, ट्रेनरने त्याच्याकडे वळून जपानीत माफी मागितली, आजींना वाटलं हा धड्याचाच भाग आहे. लग्नाआधी प्रत्येकाला असे सहा महिने सक्तीचे करावेत असं माझं प्रामाणिक मत झालंय.

आणि दारं. जपानमध्ये कोणी दार आपटत नाही, शिव्या देत नाही. इंटरकॉमवर गोड आवाजात नको म्हणतात, आणि ते इतक्या नम्रपणे की सुरुवातीला याला कळायचंच नाही की आपल्याला हाकललंय, हा तिथेच उभा. ख्रिश्चन तिथे एकूणच एक टक्क्याच्या आसपास, मॉर्मन कागदावर सव्वा लाखाच्या थोडे पुढे आणि त्यातलेही सगळे चर्चला येत नाहीत. त्यात जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंजो आबेंची हत्या झाली, मारेकऱ्याने राग सांगितला तो कोरियातून आलेल्या यूनिफिकेशन चर्चवरचा, आईने तिथे देणग्या देऊन घर बुडवलं म्हणून, आणि तेव्हापासून बाहेरून आलेल्या कुठल्याही धर्माकडे जपानी माणूस आणखीच सावधपणे बघतो. अशा वेळी पांढरा शर्ट, काळा बिल्ला लावलेले दोन तरुण दारात, आणि त्यांच्या धर्मात उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायचा असतो. तुम्ही उघडाल का दार? मी नसतं उघडलं.

जे उघडायचे ते चहा द्यायचे, ही आणखी एक अडचण. मॉर्मन लोकांना दारू, सिगरेट, कॉफी आणि चहा वर्ज्य, १८३३ पासूनचा नियम, आणि ग्रीन टीसुद्धा त्यातच येतो हे चर्चने २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे जपानी माणसाने प्रेमाने पुढे केलेला पहिला कप नाकारायचा आणि मग आपला देव किती प्रेमळ आहे ते सांगायचं. सुटका करतो तो मुगीचा, भाजलेल्या सातूचा काढा, त्यात चहाचं पान नाही म्हणून चालतो. एल्डर पहिल्या महिन्यात बाकी काही शिकला नसेल पण मुगीचा मागायला शिकला.

मला वाटायचं की रोज इतकं नको ऐकून मुलगा खचेल, परत येईल. नंतर लक्षात आलं की नको ऐकणं हा या व्यवस्थेतला अपघात नाहीच, ती तशीच चालत आली आहे आणि तिच्याकडे त्यासाठी गोष्टींचा साठा आहे. जपानचीच घ्या. १९०१ च्या ऑगस्टमध्ये हेबर ग्रँट नावाचा प्रेषित योकोहामाला उतरला, मिशन सुरू केलं, भाषा काही जमली नाही, दोन वर्षांनी परत गेला तेव्हा दाखवण्यासारखं हातात जवळजवळ काही नव्हतं. पुढे हाच माणूस संपूर्ण चर्चचा अध्यक्ष झाला, आणि १९२४ मध्ये जपान मिशन बंद झालं ते त्याच्याच कारकिर्दीत. पुन्हा उघडलं दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये. किंवा गॉर्डन हिंक्ली, तेही पुढे अध्यक्ष, १९३३ मध्ये इंग्लंडच्या प्रेस्टनमध्ये मिशनरी असताना वैतागून वडिलांना लिहितात की माझा वेळ आणि तुमचे पैसे वाया चाललेत. वडिलांचं उत्तर एका ओळीचं, स्वतःला विसर आणि कामाला लाग. हे पत्र प्रत्येक मॉर्मन घरात पाठ असतं. एल्डरच्या आईने त्याच्या सुटकेसच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं, आणि तो म्हणतो पहिल्या हिवाळ्यात त्याला ते फाडून टाकावंसं वाटलं होतं.

जाता जाता, हे लोक आपल्याकडेही येऊन गेलेत आणि तेही १८५० च्या दशकात. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी १८५२ मध्ये मुंबईला उतरला, मग पुण्याला, छावणीतल्या गोऱ्या शिपायांमध्ये थोडंफार जमलं, बाकी काही नाही, काही वर्षांत सगळे परत. मला हे वाचून उगाच हसू आलं होतं. पेठांमध्ये नको कसं म्हटलं असेल याची कल्पना करवते.

आता मूळ प्रश्न, ज्याचा विश्वास बऱ्यापैकी आहे त्याचं तिकडे काय होतं. यांच्या शिकवणीचा सगळा भार एका वचनावर आहे, बुक ऑफ मॉर्मनच्या शेवटच्या प्रकरणात मोरोनाय नावाचा पैगंबर म्हणतो की हे खरं आहे का ते मनापासून देवाला विचार, तो पवित्र आत्म्याकडून तुला कळवेल. म्हणजे पुरावा बाहेर शोधायचा नाही, वाचायचं, प्रार्थना करायची आणि आत काय वाटतं ते बघायचं. मिशनरी समोरच्याला हेच करायला सांगतो. आणि मग स्वतःची साक्ष देतो, टेस्टिमनी, की मी विचारलं आणि मला कळलं. इथे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करून हीच सभा असते, कोणीही उठून माइकवर जातं, मी एकदा गेले होते तेव्हा पाच वर्षांची पोरगी स्टुलावर चढून हे चर्च खरं आहे हे मला माहीत आहे असं म्हणून आली. तेव्हा मला ते सरळ सरळ पाठांतर वाटलं होतं, आजही त्या पोरीपुरतं वाटतं.

पण एल्डरच्या पहिल्या हिवाळ्यातली एक मेल होती, नेहमीपेक्षा मोठी. त्यात त्याने लिहिलं होतं की इंग्रजीत असताना त्याच्याकडे भरपूर तयार वाक्यं होती, लहानपणापासून ऐकलेली, बटण दाबलं की बाहेर. जपानीत ती नाहीत. जपानीत त्याला येतं ते एवढंच, मी प्रार्थना करतो, कधीकधी मला शांत वाटतं, मला वाटतं देव ऐकतो. एका दुपारी एका माणसाच्या स्वयंपाकघरात बसून त्याने हे तीन-चार तुटक वाक्यांत सांगितलं आणि सांगताना त्याला पहिल्यांदा जाणवलं की हे मात्र खरं आहे, बाकीच्याचं माहीत नाही, पण एवढं खरं आहे. त्या माणसाने ऐकून घेतलं आणि दोघांना बसस्टॉपपर्यंत सोडलं, पुन्हा बोलावलं नाही.

यावर मी खूप विचार केला. बॉइड पॅकर नावाच्या त्यांच्या प्रेषिताने १९८२ मध्ये म्हटलंय की साक्ष ही साक्ष देण्यातूनच सापडते. माझ्यासारख्याला यात लगेच फसवणूक दिसते, एखादी गोष्ट शंभर वेळा मोठ्याने बोललं की माणसाला ती पटणारच, त्यात देवाचा काय संबंध! आणि हा आक्षेप मी मागे घेत नाहीये. पण मुलाच्या बाबतीत घडलं ते याच्या उलट होतं. शंभर वेळा बोलून त्याचा विश्वास वाढला नाही, त्याचा विश्वास आटला, जितकं स्वतःचं होतं तेवढंच उरलं, आणि ते उरलेलं घेऊन तो पुढची दीड वर्षं दारं वाजवत राहिला. दुसऱ्याला पटवायला गेलेला मुलगा दिवसभर स्वतःशीच बोलत होता. चर्चलाही हे माहीत आहे, मिशनवरचा पहिला बाप्तिस्मा मिशनरीचाच असतो असं हे लोक हसत हसत सांगतात. मी हसत नाही, मला ती त्या सगळ्या प्रकाराची अगदी गंभीर आणि हुशार बाजू वाटते, आणि थोडी भीतीदायकही, कारण अठराव्या वर्षी, घरापासून लांब, एकटेपणाची बंदी असताना माणूस जे शोधतो ते आयुष्यभर चिकटतं.

भीतीदायक बाजू अजून आहे. आकड्यांचा दबाव. हल्ली कमी असेल, पण इतिहासात १९६० च्या आसपास इंग्लंडमध्ये बेसबॉल बाप्तिस्मे म्हणून प्रकरण झालं होतं, मिशनरी पोरांना बेसबॉल खेळायला बोलवायचे आणि बाप्तिस्मा हा क्लबात शिरायचा भाग असल्यासारखा उरकायचे, नंतर ती नावं यादीतून काढत बसायला लागली. आणि अर्धवट परत येणारे. आमच्याच भागातला एक मुलगा काही महिन्यांतच घरी आला, झोप लागेना, छातीत धडधड, डॉक्टरांनी पाठवलं. विमानतळावर ना बॅनर ना फुगे. रविवारी लोक त्याच्याशी जास्तच गोड बोलायचे आणि तो मान खाली घालून उभा असायचा. त्याच्याबद्दल कोणी वाईट बोललं नाही, फक्त त्याला मिशनबद्दल कोणी काहीही विचारलं नाही. तो ज्या देशात गेला होता तिथलं जेवण, तिथले लोक, काहीच नाही. मी एकदा विचारलं तर अर्धा तास बोलत होता.

एल्डरच्या मेलमध्ये सगळ्यात जास्त कोण असेल तर एक रिटायर्ड गृहस्थ. जपानमध्ये मिशनरी फुकट इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेतात, हे गृहस्थ दर आठवड्याला यायचे, पहिल्या बाकावर, वही घेऊन, आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं की धर्मात मला रस नाही. मिशनचं शहाणपण असं की जो पुढे सरकत नाही त्याच्यावर वेळ घालवू नये. एल्डर त्यांच्या घराबाहेरचा बर्फ काढायला जायचा. वर बुक ऑफ मॉर्मनमधलाच दाखला द्यायचा, अॅमन नावाचा मिशनरी परक्या राजाकडे जातो आणि उपदेश करायच्या ऐवजी मला नोकर म्हणून ठेव म्हणतो, राजाचे कळप राखतो, मग राजाच विचारायला लागतो. (पुढे अॅमन कळपावर आलेल्या लुटारूंचे हात छाटतो, तो भाग आसाहिकावात उपयोगी पडला नसावा.) या गृहस्थांनी शेवटपर्यंत काही विचारलं नाही. निघताना त्याला त्याच्या इंग्रजीतल्या चुकांची एक यादी दिली.

शेवटच्या महिन्यांत मिशनरीला घराचे वेध लागतात, त्याला हे लोक ट्रंकी म्हणतात, मन सुटकेसपाशी. याच्या मेलमध्ये ते दिसलं नाही, आईला मात्र दिसलं, मेल लहान झाल्यात म्हणाली. आला त्या दिवशी सॉल्ट लेकच्या विमानतळावर नेहमीची जत्रा, तिथे वाट बघणाऱ्या कुटुंबांसाठी मुद्दाम मोठी जागाच ठेवली आहे. बिल्ला त्याच रात्री स्टेक प्रेसिडेंटने रिलीज केल्यावर, म्हणजे मिशनमधून मोकळं केल्यावर काढला. नंतर काही आठवडे तो खोलीत एकटा बसला की दचकायचा, कम्पॅनियन कुठे म्हणून. दुकानात जाताना बहिणीला सोबत चल म्हणायचा. फोनवर सगळी ॲप्स परत आली होती आणि तो ती उघडून नुसता बघत बसायचा.

दोन वर्षांत मोजून मूठभर बाप्तिस्मे. त्यातल्या एक बाई, ज्यांच्याबद्दल तो भरभरून लिहायचा, त्यांनी चर्चला येणं थांबवलंय असं त्याला परत आल्यावर कळलं. मी विचारलं वाईट वाटलं का. हो म्हणाला, पण चर्चच्या आकड्यासाठी नाही, त्या बाई त्या गावात एकट्या आहेत आणि रविवारी निदान चार लोक भेटायचे. मग मी पुन्हा तो जुना प्रश्न विचारला, विश्वास आहे का. या वेळी त्याने वेळ घेतला. म्हणाला जोसेफ स्मिथबद्दल माझ्याकडे आता आधीपेक्षा जास्त प्रश्न आहेत, पण प्रार्थना मी सोडू शकणार नाही. आणि हे आईला सांगू नका. आई हा ब्लॉग वाचत नाही, मराठी तिला येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

आता धाकट्या बहिणीने पेपर्स टाकले आणि मागच्या आठवड्यात तिचा कॉल आला, ब्राझील, पोर्तुगीज. तिला बर्फाचा देश हवा होता. यंदा मी स्टिकर फिनलंडवर लावलं होतं, म्हणजे पुन्हा चुकले. तिची आई लगेच म्हणाली तुला हिच्याही लिस्टमध्ये घालते, मी म्हटलं घाल, पण पोरीला सांग की बायबलची वचनं कमी आणि कम्पॅनियनशी झालेली भांडणं जास्त लिही.